एका देहाचे दोन दाखले

१९५३ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील शेफील्ड शहरात पंचवीस वर्षांच्या एका विवाहित बाईंनी रक्तदान केले. रिवाजाप्रमाणे त्यांचा रक्तगट तपासला गेला आणि तपासणारा गोंधळात पडला. 'ए' गट ओळखण्याचा रक्तद्रव मिसळताच काही तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. उरलेल्या पेशी मात्र मोकळ्याच राहिल्या. ज्याला नुकतेच दुसऱ्या गटाचे रक्त चढवले आहे अशा रुग्णाच्या रक्तात असे दृश्य दिसते. या बाईंना तर आयुष्यात कधी रक्त चढवलेले नव्हते. बाटल्यांची अदलाबदल झाली असावी, असे वाटणे साहजिक होते. पण तसेही काही घडलेले नव्हते. आयव्हर डन्सफर्ड यांनी नमुना लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रक्तगटांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांच्याकडे धाडला. रेस यांनी उलट टपाली सल्ला दिला नाही, प्रश्न विचारला : या बाईंना कधी जुळे भावंड होते काय?

बाईंना या प्रश्नाचे नवल वाटले. होता, त्या म्हणाल्या. जुळा भाऊ होता. तीन महिन्यांचा असताना गेला. त्या गोष्टीला पंचवीस वर्षे झाली.

हा वृत्तान्त त्याच वर्षी जुलै महिन्यात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाईंचे नाव 'मिसेस मॅक्के' एवढ्या अर्ध्यामुर्ध्या खुणेपुरतेच येते. आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका. जीवशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही गेले वर्षभर या निबंधाने आम्हांला सोडलेले नाही. त्याचे एक कारण वाङ्मयीन आहे, दुसरे घरगुती. आमच्यापैकी एकीला जुळा भाऊ होता. तो बारशाच्या आतच गेला. त्यामुळे त्याला नाव मिळाले नाही, आणि गावच्या जन्मनोंदीत त्या तारखेला एकच मूल आहे. घरात त्याचा उल्लेख झालाच तर 'तो' असा व्हायचा, आणि 'तो' म्हणताना आईचा आवाज किंचित खाली यायचा. त्या खालच्या आवाजाच्या घरात वाढलेल्या माणसाला रेस यांचा प्रश्न निव्वळ वैज्ञानिक कुतूहलाचा वाटू शकत नाही.

मिसेस मॅक्के यांच्या रक्तात 'ओ' आणि 'ए' अशा दोन्ही गटांच्या पेशी होत्या. यांतील त्यांच्या स्वतःच्या कोणत्या? हे ठरवण्याची युक्ती मोठी सुंदर होती. पुष्कळ माणसांच्या लाळेतही रक्तगटाचे द्रव्य उतरते, आणि लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी तर ज्याच्या त्याच्याच. बाईंच्या लाळेत 'ए' गटाचे द्रव्य नव्हते, फक्त 'ओ' गटाच्या माणसांत सापडणारे 'एच' द्रव्य होते. म्हणजे बाई 'ओ' गटाच्या, आणि 'ए' गटाच्या पेशी भावाच्या. तीन महिने जगलेल्या एका बाळाचा रक्तगट त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, त्याच्या बहिणीच्या दंडातून काढलेल्या रक्तावरून नक्की झाला.

येथे थोडे विषयांतर करायला हवे, कारण ही मंडळी आपल्याला परकी नाहीत. आदल्याच वर्षी, १९५२ साली, मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये एका नव्याच रक्तवैशिष्ट्याची नोंद केली होती. 'ओ' गटातही आढळणारे ते 'एच' द्रव्यच ज्यांच्या रक्तात नाही अशी माणसे मुंबईत सापडली होती. 'बाँबे ब्लड ग्रुप' म्हणून पुढे जगभर ओळखला गेलेला हा गट वर्णन करणाऱ्या टिपणावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्या जोडीने सँगर आणि रेस यांचीही नावे आहेत. मुंबईच्या रक्ताचे कोडे आणि शेफील्डच्या रक्ताचे कोडे वर्षाच्या अंतराने एकाच टेबलावर आले होते, हे आमच्या मराठी विज्ञानलेखकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे होते असे वाटते. असो.

रेस यांना तो प्रश्न सुचला कसा? त्याचे मूळ गोठ्यात आहे. गाईला जुळे झाले आणि त्यांत एक गोऱ्हा व एक कालवड असेल, तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे युरोपातील गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. इंग्रज शेतकरी अशा कालवडीला 'फ्रीमार्टिन' म्हणत. जॉन हंटर या शस्त्रवैद्याने १७७९ साली रॉयल सोसायटीपुढे तिच्या शरीररचनेचे वर्णन मांडले. १९१६ साली शिकागोच्या फ्रँक लिली यांनी कारण सांगितले : गर्भाशयात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींत मिळतात आणि भावाकडून येणारी द्रव्ये बहिणीच्या वाढीत ढवळाढवळ करतात. परंतु फक्त द्रव्येच येतात असे नव्हे. १९४५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात गुरांच्या रक्तगटांवर काम करणाऱ्या रे ओवेन यांच्या लक्षात आले, की जुळ्या वासरांच्या अंगात मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी असतात. तांबडी पेशी काही महिन्यांची धनीण, ती मरते. म्हणून वर्षानुवर्षे दुसऱ्याचे रक्त अंगात राहायचे, तर रक्त घडवणाऱ्या मूळ पेशीच भावंडाच्या अस्थिमज्जेत घर करून राहिल्या असल्या पाहिजेत. ओवेन यांचा हा निबंध 'सायन्स' नियतकालिकात आला आणि काही वर्षे कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही.

पुढे पीटर मेडावार यांनी जुळ्या गुरांवर त्वचारोपणाचे प्रयोग केले. एका बीजाची जुळी कोणती आणि दोन बीजांची कोणती, हे त्वचा टिकते की झडते यावरून कळेल असा त्यांचा कयास होता. पण भिन्न बीजांच्या जुळ्यांनीही एकमेकांची त्वचा बिनतक्रार स्वीकारली. या आश्चर्याचे उत्तर ओवेन यांच्या निबंधात होते. गर्भात असतानाच ज्याच्याशी ओळख झाली, त्याला शरीर पुढे परके मानत नाही. मराठीत 'आपपरभाव' असा एक नेमका शब्द आहे. शरीराचा आपपरभाव उपजत नसतो, तो गर्भावस्थेत शिकावा लागतो, हे त्या गुरांनी शिकवले. या शोधाबद्दल मेडावार आणि फ्रँक मॅक्फार्लेन बर्नेट यांना १९६० सालचे नोबेल मिळाले. ओवेन यांचाही त्यात वाटा असायला हवा होता, असे मेडावार यांनी स्वतः त्यांना कळवले होते. विज्ञानाच्या इतिहासात अशी पत्रे फार नसावीत.

शेफील्डच्या बाईंना शास्त्रीय नाव देण्यातही मेडावार यांचा हात होता. नाव होते 'कायमेरा'. वनस्पतिशास्त्रात हान्स विंक्लर यांनी १९०७ पासून हा शब्द कलमी झाडांसाठी रूढ केलेला होता. मूळ शब्द ग्रीक. त्याचा अर्थ शेळी. होमरच्या 'इलियड'मध्ये ही कायमेरा पुढून सिंह, मागून सर्प आणि मध्ये शेळी अशी येते, आग ओकते आणि बेलेरोफोनच्या हातून मरते. एका साध्यासुध्या गृहिणीला लावण्यासाठी हा शब्द आम्हांला तरी क्रूर वाटतो. या शब्दाबरोबर राक्षसीपणाची एक छटा नकळत चिकटून आली आणि पुढे वृत्तपत्रांनी ती पुरेपूर वापरली.

आपल्याकडे पर्याय नव्हता काय? देवळांवरचे व्याल आणि आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले शरभ हे ग्रीक कायमेराचे भाऊबंद होत; त्यांचे मिश्रण डोळ्यांना दिसते. महाभारतातील जरासंध मात्र वेगळा आहे. मगधाच्या बृहद्रथाला चंडकौशिक ऋषीने एक आंबा दिला, राजाने तो दोघी राण्यांत वाटला, आणि दोघींना अर्धे अर्धे मूल झाले. दासींनी ती दोन शकले बाहेर टाकली. जरा नावाच्या राक्षसीने ती उचलून एकत्र धरली, तो धडधाकट मूल रडू लागले. 'जरेने सांधलेला' तो जरासंध. त्याच्या अंगावर शिवण दिसत नाही. तो राज्य करतो, लढतो, मथुरेवर चालून येतो, आणि आपण दोघांचे मिळून एक आहोत याची कोणाला शंकाही येत नाही. ती शिवण ठाऊक असते फक्त कथेला, आणि कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणे काडी चिरून दाखवणाऱ्या कृष्णाला. वर्गात हा भाग शिकवताना आम्ही आजवर भीमाच्या पराक्रमाशी थांबत होतो. आता थांबवत नाही.

कारण १९६२ साली जरासंधाच्या अधिक जवळचे उदाहरण पुढे आले. सिएटलमध्ये स्टॅनली गार्टलर, वॉक्समन आणि एलोइज गिब्लेट यांनी सुमारे दोन वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा एक डोळा तपकिरी आणि दुसरा फिकट पिंगट होता. तिच्या शरीरात स्त्रीची आणि पुरुषाची, अशी दोन्ही गुणसूत्रे असलेल्या पेशी होत्या. मिसेस मॅक्के यांच्यात केवळ रक्ताची देवघेव झाली होती. येथे दोन वेगळ्या फलनांतून आलेल्या पेशींनी मिळून एकच देह घडवला होता. (डोळ्यांचे रंग वेगळे असलेल्या वाचकांनी घाबरून जाऊ नये, बहुतेकांच्या बाबतीत त्याची कारणे साधी असतात.) अशा माणसाच्या यकृतात एक डीएनए आणि रक्तात दुसरा, असे असू शकते. दोन्ही स्त्रीचेच किंवा दोन्ही पुरुषाचेच असतील, तर बाहेरून काहीच कळत नाही. असा मनुष्य लग्न करतो, मुले वाढवतो, म्हातारा होतो, आणि अखेरपर्यंत त्याला किंवा त्याच्या डॉक्टरांना पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो तो अपघाताने. बॉस्टनमधील बावन्न वर्षांच्या एका बाईंना मूत्रपिंड हवे होते. तीन मुलगे द्यायला तयार होते, म्हणून सर्वांचे ऊतक जुळवून पाहिले. उत्तर आले, की तिघांपैकी दोघे त्यांचे पुत्रच नव्हेत. बाईंच्या डॉक्टरांनी, विशेषतः मार्गॉट क्रस्कॉल यांनी, बाईंवर अविश्वास दाखवण्याऐवजी चाचणीवर दाखवला आणि शोध चालू ठेवला. बाईंच्या रक्तात एकाच जातीच्या पेशी होत्या, पण इतर ऊतकांत दुसऱ्या जातीच्याही सापडल्या. त्या दोन मुलांचा वारसा त्या दुसऱ्या जातीकडून आला होता. जनुकशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर बाई आपल्या दोन मुलांच्या जणू मावशी होत्या, आणि ती मावशी-आई कधी वेगळी जन्मालाच आली नव्हती. आपल्याकडे 'माय मरो, मावशी उरो' अशी म्हण आहे. ती रचणाऱ्या बाईला एकाच देहात दोघी असू शकतील, हे सुचले नसावे. हा निबंध २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला.

तो वेळेवर आला असे म्हणायला हवे. त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, एका तरुण आईने सरकारी साहाय्यासाठी अर्ज केला होता. नियमाप्रमाणे आईबापांची व मुलांची डीएनए चाचणी झाली. बाप जुळला, आई जुळली नाही. प्रसूती झाल्याचे कागद होते, प्रसूती केलेला डॉक्टर होता, तिची स्वतःची आई साक्षीला होती. यांतील कशाचाही उपयोग झाला नाही. ती दुसऱ्याची मुले दाखवून पैसे उकळते आहे किंवा पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मुले जन्माला घालते आहे, असा संशय घेण्यात आला. मुले काढून घेतली जाण्याची भीती उभी राहिली. ती तेव्हा पुन्हा गरोदर होती. न्यायालयाने हुकूम केला, की या बाळंतपणाच्या वेळी साक्षीदार हजर राहावा आणि जन्मताच दोघांचे रक्त घ्यावे. साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत बाळ जन्मले, आणि चाचणीने सांगितले की हे बाळही तिचे नाही.

या प्रसंगापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो आहोत. आपल्या पोटातून मूल बाहेर येताना सरकारी साक्षीदार बघतो आहे, आणि त्यानंतरही आपल्याला खोटे ठरवले जात आहे. त्या बाईला आपल्या शरीरात काय आहे हे माहीत नव्हते; तिला फक्त आपण काय केले आहे ते माहीत होते, आणि ते पुरेसे धरले जात नव्हते. एका वकिलाच्या वाचनात बॉस्टनचा तो निबंध आला, म्हणून पुढचा शोध सुरू झाला. मुलांचा डीएनए आजीशी, म्हणजे तिच्या आईशी, नातवंडांचा जुळावा तसा जुळला. शेवटी तिच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत दुसरा डीएनए सापडला, आणि तो मुलांचाही होता. मुले घरी राहिली. तो निबंध छापला गेला नसता तर काय, याचा विचार आम्ही टाळतो.

यातील एक विसंगती इतिहासाने स्वतःच मांडून ठेवली आहे. लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएच्या ठशांची पद्धत शोधली. तिचा पहिला व्यवहारातील उपयोग १९८५ साली झाला, तो घानाहून इंग्लंडला परतलेल्या एका मुलाच्या खटल्यात. हा याच बाईचा मुलगा आहे की नाही, असा परदेशगमन अधिकाऱ्यांचा संशय होता. चाचणीने आईचे म्हणणे खरे ठरवले आणि मुलगा तिच्यापाशी राहिला. आईचा शब्द जिथे चालत नव्हता, तिथे तो चालवण्यासाठी जी चाचणी पुढे आली, तीच दोन दशकांच्या आत दुसऱ्या एका आईचा शब्द खोटा पाडायला वापरली गेली.

रोमन कायद्याने आई कोण हा प्रश्न कधी वादाचा मानलाच नव्हता. आई नेहमीच निश्चित, संशय फक्त बापाबद्दल. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ त्याच समजुतीवर उभे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ ही तेच सांगते : विवाह चालू असताना जन्मलेले मूल औरस. त्यात चिंता आहे ती बापाची. महाराष्ट्रातून गेलेल्या पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरवले, की कायद्याचे गृहीतक आणि डीएनए अहवाल यांत विरोध असेल तर अहवाल श्रेष्ठ मानावा. तर्क समजण्याजोगा आहे; शंकाच नसलेल्या शास्त्रापुढे गृहीतकाने हटावे. पण अहवाल अचूक असणे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष अचूक असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वॉशिंग्टनमधील प्रयोगशाळेने काहीही चुकीचे मोजले नव्हते. त्याच राज्यात पुढे दहाएक वर्षांनी एका पुरुषाच्या बाबतीत हेच उलट बाजूने घडले. कृत्रिम उपायांनी झालेले बाळ त्याचे नाही, असे चाचणी म्हणाली. बारकाईने पाहता तो बाळाचा चुलता ठरला. बाप होता त्याचा कधीच न जन्मलेला भाऊ.

या इतिहासाला एक गमतीचे, किंबहुना खेदाचे, उपकथानकही आहे. २००४ साली टायलर हॅमिल्टन या सायकलपटूच्या रक्तात दुसऱ्याचे रक्त सापडले, तेव्हा त्याच्या बाजूने 'गर्भात विरून गेलेल्या जुळ्या'चा मुद्दा पुढे करण्यात आला. २००६ साली क्रीडा लवादाने तो फेटाळला, आणि २०११ साली हॅमिल्टनने आपण उत्तेजकांचा वापर केल्याचे कबूल केले. ज्यांचे खरे आहे त्यांना आधी खोटे ठरावे लागते आणि ज्याचे खोटे आहे त्याला त्यांची गोष्ट उसनी घेता येते, हा दुर्मीळ दुखण्यांचा नेहमीचाच भोग आहे.

अशी माणसे किती, याचे उत्तर मोजणाऱ्याच्या चाळणीवर अवलंबून आहे. संपूर्ण देहच दोघांचा बनलेली उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात फार थोडी आहेत. पण १९९६ साली नेदरलँड्समध्ये अधिक सूक्ष्म पद्धतीने जुळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा जुळ्यांत ८ टक्के आणि तिळ्यांत २१ टक्के जणांच्या रक्तात भावंडाच्या पेशी आढळल्या. मिसेस मॅक्के तेवढ्या एकट्या नव्हत्या. आमच्यातील जी जुळी आहे तिने महाविद्यालयाच्या शिबिरांत अनेकदा रक्त दिले आहे. कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' असे लिहिलेले आहे. कोणी गोंधळले नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. नेहमीच्या तपासणीत शंभरात दोनचार पेशी वेगळ्या असल्या तर त्या दिसतातच असे नाही. अधिक बारीक चाचणी करून घ्यावी का, यावर आम्ही दोघींनी पुष्कळ वाद घातला. एकीचे म्हणणे, कळून काय करायचे आहे; कुठलेच दुखणे नाही, कुठला खटला नाही. दुसरीचे म्हणणे, प्रश्न दुखण्याचा नाहीच. कोणते म्हणणे कोणाचे, हे येथे सांगत नाही.

चाळणी आणखी बारीक केली तर माता येतात. जर्मनीतील गेओर्ग श्मोर्ल यांना १८९३ सालीच, बाळंतवातासारख्या झटक्यांनी दगावलेल्या गरोदर बायकांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी दिसल्या होत्या. १९९६ साली डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मुलाच्या पेशी आईच्या रक्तात प्रसूतीनंतर सत्तावीस वर्षांपर्यंतही सापडू शकतात. २०१२ साली मृत्यूनंतर तपासलेल्या ५९ स्त्रियांच्या मेंदूंपैकी ६३ टक्क्यांत पुरुषाचा डीएनए मिळाला. तो बहुधा पोटी आलेल्या मुलग्यांचा असावा. या पेशी तिथे काय करतात, जखमा भरतात की दुखणी आणतात, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही दोघी मागल्या दिवाळीच्या सुट्टीत आईकडे गेलो होतो. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. दुपारी ती गहू निवडत बसली होती, तेव्हा शेफील्डच्या बाईंची गोष्ट तिला सांगितली. पेशी, लाळ, रक्तद्रव हे सगळे जमेल तितके सोपे करून. 'तो' हा शब्द आम्ही उच्चारला नाही. आईने सुपातले हात थांबवले नाहीत. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "म्हणजे इतक्या वर्षांनी त्या पोराचा गट तरी कळला."

हो, म्हटले, कळला.

"तीन महिन्यांचा होता म्हणजे नाव ठेवलं असेल की गं. काय होतं त्याचं नाव?"

आम्ही सांगितले, की ते त्या निबंधात दिलेले नाही. आई काही बोलली नाही. तिने सूप एकदा पाखडले आणि खडे बाजूला काढले.